आठ मालकांचं विमान

"…म्हणजे विमान एक, आणि मालक आठ?" झिपरू आबांनी विचारलं.

"आठ. प्रत्येकाचा आठवा हिस्सा."

"कोणाला पंख, कोणाला शेपूट?"

वैजयंता हसली नाही. नाशिकहून चार तास गाडी चालवून ती आली होती.

झिपरू आबा पांझरेकाठचे जुने पाटकरी. नदीचं पाणी पाटानं येतं, ते साठ शेतांना पाळीपाळीनं सोडायचं काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. आता काम सुटलं होतं. पण तंटा झाला की लोक अजून त्यांच्याच ओट्यावर येत. वैजयंता देवरे याच गावची. शाळेच्या आधी आकडे शिकली ती आबांच्या मागे पाटावरून चालताना. नवं काही करायचं, तर आधी त्यांच्या पाया पडायची. विमानाचे हिस्से विकायची कंपनी मात्र तिनं त्यांना न सांगताच काढली होती.

"एक हिस्सा सहा कोटींचा," ती म्हणाली. "वर महिन्याला साडेचार लाख. वैमानिक, विमा, दुरुस्ती, उभं करायची जागा. उडेल त्या तासाचं इंधन वेगळं. त्या बदल्यात वर्षाला शंभर तास."

"महाग आहे."

"अख्खं घेतलं तर अठ्ठेचाळीस कोटी, आबा. आणि बहुतेक दिवस ते नुसतं उभं. हा धंदा वाढणार आहे. मला माहीत आहे."

"मग चेहरा असा का?"

तिनं सगळं सांगून टाकलं.

दिवाळीचा आठवडा जवळ आला होता. सातही भागीदारांना विमान त्याच चार दिवसांत हवं होतं. कांद्याचे निर्यातदार खैरनार, दवाखानेवाले डॉक्टर चितळांगे, सगळ्यांनाच. तिघांनी कळवलं होतं, हिस्सा परत घ्या. करारानं तो तिलाच घ्यावा लागणार होता. तेवढे पैसे तिच्याकडे नव्हते. कंपनी बुडाली असती.

"नियम विचारायला नाही आले," ती म्हणाली. "नियम चाळीस पानांचे आहेत. दिल्लीतल्या वकिलांनी केलेत. फक्त आशीर्वाद द्या."

"पाळ्यांचा कागद आहे?"

तिनं दिला. दिवाळीच्या पाळ्या, एकाखाली एक आठ नावं.

आबांनी चष्मा पुसला. पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"हे कोण?"

"…मी."

"तुझाही हिस्सा आहे?"

"आठवा. दिल्लीचे बक्षी म्हणून मोठे कारखानदार आहेत. पाडव्याला त्यांना भेटायचंय. विमानाची कंपनी चालवणारी विमानानंच जायला हवी."

 आबांनी कागदाची वरची पट्टी नखानं दुमडली, सावकाश फाडली, आणि सगळ्या नावांच्या खाली ठेवली.

वैजयंता कागदाकडे बघत राहिली.



मग ती उठली, पाया पडली आणि गाडीत बसली. आशीर्वादासाठी थांबलीच नाही.

साक्रीच्या पुढे तिनं गाडी कडेला घेतली आणि पहिला फोन खैरनारांना लावला.

"पाडव्याची माझी पाळी मी सोडली. तुमच्यापैकी कोणीही घ्या. माझी पाळी यापुढे सर्वांत शेवटी."

"आणि तुम्ही?"

"मी तिकीट काढून जाईन."

 खैरनार म्हणाले, "पाडवा डॉक्टरांना द्या. त्यांची मुलगी वर्षानं घरी येतेय. मी आंब्याच्या दिवसांत, अक्षय्य तृतीयेला बघेन."

सात फोन झाले. मागे सरणाऱ्याला पुढच्या सणाची निवड पहिली, एवढंच ठरलं. संध्याकाळपर्यंत चारही दिवसांच्या पाळ्या लागल्या. तिघांपैकी एकानंही हिस्सा परत दिला नाही.

पाडव्याला ती साध्या विमानानं, मधल्या सीटवर बसून दिल्लीला गेली. बक्षी तिला घ्यायला भलत्याच, खासगी विमानांच्या दारावर थांबले होते.

"तुमचं विमान?"

"मालक घेऊन गेलेत."

बक्षींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे माझी पाळी असेल, तेव्हा ते मला मिळेल."

"मिळेल."

बक्षींनी दोन हिस्से घेतले. पहिल्या विमानात जागा नव्हती, म्हणून दुसरं मागवावं लागलं. त्याचे उरलेले सहा हिस्से जुन्या भागीदारांनीच आपल्या ओळखीत लावले. ते धावपट्टीवर उतरायच्या आत विकलं गेलं होतं.

अक्षय्य तृतीयेनंतर ती पुन्हा गावी आली. या वेळी पेढे घेऊन.

"आबा, दोन विमानं. सोळा हिस्से. एक तंटा नाही. माझे तास तसेच पडून आहेत, आणि आज कोणाचीच पाळी नाही. चला."

आबांनी धोतर बदललं. डोक्याला स्वच्छ फेटा बांधला.

धुळ्याच्या धावपट्टीवरून विमान उडालं. आबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. खाली पांझरा वळत गेली, लळिंगचा किल्ला मुठीएवढा झाला, मग तोही राहिला नाही. आबा खिडकीला कपाळ टेकून लहान मुलासारखे बघत होते. 

वैजयंता पुढे वाकली.

"आबा, आणखी बारा जण विचारतायत. नागपूर, इंदूर, सुरत. तिसरं घेऊ ना?"

आबांनी मान वळवली. तिच्याकडे पाहून हसले.

"घे की, माय… आधी हे उतरू दे."