मूठभर रांगोळीचा मेंढपाळ

“महाराज, देवाला कधी कंटाळा येतो का हो?”

सुवार्ताने एका दमात विचारून टाकले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मागे कडुलिंबाच्या आडोशाला तिच्या दोन मैत्रिणी, शबनम आणि ऊर्मिला, तोंडात ओढण्या कोंबून हसू दाबत होत्या. पैज त्यांचीच! “विचारून दाखव. आठवडाभर आमच्या वाट्याच्या चिंचा तुझ्या!” नववीतल्या पोरीला एवढे आमिष पुरेसे होते.

त्या वर्षी नथनेल महाराज नगरकडच्या हिवरतळे गावी मुक्कामी होते. महाराज म्हणजे येशूभक्त कीर्तनकार. खांद्यावर पांढरे उपरणे, हातात एकतारी, आणि पायात माळरानाची धूळ. गावोगाव चालत जावे, पारावर बसावे आणि शुभवर्तमानातल्या कथा ओव्यांतून सांगाव्यात, असा त्यांचा नेम होता. ऐकायला सगळ्या आळ्या लोटत. हिवरतळ्याला आले की ते ख्रिस्तवाडीतल्या छोट्या चर्चच्या ओसरीत उतरायचे.

महाराज प्रश्न ऐकून रागावले नाहीत. झाडाकडे बघून म्हणाले, “हा प्रश्न तुझा, का त्या कडुलिंबाचा?”

झाड फिसकन हसले!

“तुमच्या दारी कोंबडी आहे ना गं?”

“आहे की. आत्ताच अकरा पिल्लं काढली तिने.”

“अंडी सगळी सारखीच होती. पिल्लं?”

“छे! एकाच्या पंखावर ठिपका आहे, एक निम्मं काळं, एक तर नुसतं भांडखोर.”

“मग सांग बरं. ज्याला कंटाळा येतो, त्याने एकच पिल्लू धड केलं असतं आणि दहा त्याच्यासारखी उतरवली असती. देवाला नाही येत कंटाळा, लेकरा. आपण रोज तेच शिळंपाकं त्याच्यापुढे ठेवतो, तेव्हा मात्र जांभई आवरत असेल बिचारा!” महाराज स्वतःच खळखळून हसले. मग म्हणाले, “तू नवीन काय करतेस?”

“मी? मी चित्रं काढते.”

“कुठे?”

“वहीत. मागच्या पानांवर.”

“मागच्याच का?”

सुवार्ता ओढणी सावरत मैत्रिणींकडे पळाली. चिंचा जिंकून ती घरी आली खरी, पण त्या चिंचांना चवच लागेना. मागच्याच का? चित्रांचे राहू दे, तिचा येशूसुद्धा मागच्याच पानावर होता की! रविवारच्या चांगल्या फ्रॉकबरोबर तो बाहेर यायचा आणि सोमवारी आईच्या गीतपुस्तकासोबत ट्रंकेत जायचा. शाळेत कुणी विचारले, “तुमच्या नाताळात काय असतं गं?” तर ती पटकन म्हणायची, “केक असतो.” बस्स, केक! ज्याने तिला रंग दिसणारे डोळे दिले, त्याच्याबद्दल सांगायला तिच्याजवळ एवढेच होते? चोरी केल्यासारखी तिला स्वतःचीच लाज वाटली.

थोड्याच दिवसांनी गावच्या शाळेची शंभर वर्षे भरणार होती. प्रत्येक आळीने चौकात एक रांगोळी काढायची, असे ग्रामपंचायतीने ठरवले. जागेसाठी चिठ्ठ्या टाकल्या, आणि काय नशीब! चौकाचा मधला भाग आला तो ख्रिस्तवाडीच्या वाट्याला.

रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या ओसरीतच बैठक बसली. अमोलिक सर पुढे बसले होते. ते चर्चचे पंच, निवृत्त मुख्याध्यापक. चाळीस वर्षे त्यांनी पोरांना पवित्र शास्त्राचे धडे दिले होते. कुठलाही अध्याय विचारा, सर डोळे मिटून म्हणून दाखवणार! त्याचा त्यांना अभिमानही तेवढाच होता.

सर म्हणाले, “मधली जागा आली म्हणून हुरळून जायला नको. एखादं कमळ काढू, शाळेचं नाव लिहू. झालं.”

“सर, मी काढते!” सुवार्ता उभी राहिली होती. आपण कधी उठलो, हे तिला कळलेही नव्हते. “मी आपला उत्तम मेंढपाळ काढते. खांद्यावर कोकरू, डोक्याला पागोटं, अंगावर काळी घोंगडी.”

“घोंगडी?” सरांच्या भुवया वर गेल्या. “प्रभूला घोंगडी?”

“मग मेंढरं राखणारा काय कोट घालून हिंडेल, सर?”

ओसरीत हशा पिकला. कोपऱ्यात महाराज एकतारीची तार पुसत बसले होते, त्यांनाही हसू आवरले नाही. सरांचा चेहरा मात्र लाल झाला.

“शलमोन,” ते सुवार्ताच्या वडिलांना म्हणाले, “तुझ्या पोरीला जीभ फार झाली आहे. अगं बाई, भक्ती चार भिंतींच्या आत सुखरूप असते. चौकात मांडलीस, की ती ज्याच्या त्याच्या तोंडी जाते. आणि अर्धवट राहिली तर? गाव म्हणेल, ख्रिस्तवाडीचा देवसुद्धा अर्धाच!”

“पूर्ण करीन.”

“आणि नाही झाली तर?”

“तर पुन्हा जन्मात रंगाला हात लावणार नाही!”

बोलून गेली, आणि तिने जीभ चावली. आईने तिची ओढणी खाली ओढली. पण शब्द सुटला तो सुटलाच.

“सगळ्यांनी ऐकलं,” सर म्हणाले. “शलमोन, तूही ऐकलंस.”

“ऐकलं, सर,” वडील खालच्या मानेने म्हणाले. ते गवंडी होते, दिलेल्या शब्दाचे पक्के. आता ह्या पोरीच्या शब्दाचीही राखण त्यांनाच करावी लागणार होती.

समारंभाचा दिवस उजाडला. शबनम आणि ऊर्मिलाने चौकाचा मधला भाग झाडून शेणाने सारवून दिला. सुवार्ताने वही उघडली. वहीत चाळीस ठिपके आडवे, चाळीस उभे, आणि त्या ठिपक्यांच्या आधाराने मेंढपाळ काढलेला. जमिनीवर दोन ठिपक्यांत चार बोटांचे अंतर ठेवायचे, असे ठरले होते. रांगोळीही त्याच बेताने आणली होती, पाच पितळी वाट्यांत पाच रंग.

पण तो चौक! भोवती सगळे गाव आणि वर मोकळे आभाळ. सुवार्ताने पहिला ठिपका टाकला, दुसऱ्यासाठी हात टेकला, आणि आनंदाच्या भरात तो हात आपोआप पूर्ण उघडला. चार बोटांची वीत झाली! वीतवीत मोजत ती ठिपक्यांच्या चाळीसही ओळी टाकत गेली, गुणगुणत गेली. मैत्रिणी पलीकडे पाणी आणायला गेल्या होत्या. सांगणार कोण?

तिने पायांपासून रंग भरायला सुरुवात केली. वहाणा झाल्या, पावले झाली, पोटऱ्या झाल्या. गुडघ्यांपाशी पोचली तेव्हा वाट्या खणखणू लागल्या.

“सुवे,” शबनमने हळूच विचारले, “चार बोटं ठरली होती ना?”

“चारच की…” सुवार्ताने स्वतःच्या पसरलेल्या हाताकडे पाहिले आणि ती मटकन खाली बसली. मेंढपाळाला आता सात-आठपट रंग लागणार होता. प्रत्येक वाटीत उरली होती मूठभर रांगोळी!

काय करावे? बाकीच्या आळ्यांनी आपापला रंग संपवलेला. तालुक्याचे दुकान उघडणार दहाला, आणि अकराला तर पाहुणे येणार. सगळे पुसून लहान काढावे, तर एक मूठ त्यालाही पुरणार नव्हती.

तेवढ्यात अमोलिक सर आले. त्यांनी चष्मा पुसला आणि रांगोळीला एक फेरी मारली.

“पाय झाले,” ते म्हणाले. “बाकीचे प्रभू कुठे राहिले?”

“घोंगडी विणायला टाकली असंल, सर!” गर्दीतून कुणीतरी ओरडले, आणि चौक हसला.

सुवार्ताचे डोळे भरून आले. आपल्यावर टीका झाली असती तर तिने सोसली असती. पण ज्याला आपण कौतुकाने बाहेर आणले, त्याच्यावरच गाव हसत होते! खरेच का त्याला ट्रंकेतच ठेवायला हवे होते? वडील जवळ येऊन उभे राहिले. आईने पदर तोंडाशी धरला होता.

इतक्यात गर्दी दुभंगली आणि महाराज आले.

“काय झालं गं?”

“माझंच चुकलं, महाराज. चार बोटांच्या ठिकाणी वीत धरली. आता काही उरलं नाही.”

“काहीच नाही?”

“प्रत्येक वाटीत एक मूठ.”

“अगं, मग उरलंय की!” महाराज म्हणाले.

त्यांनी पाचही वाट्या एका रांगेत मांडल्या, वर आपले उपरणे पांघरले आणि सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकले. महाराजांनी उपरण्यावर हात ठेवले आणि म्हणाले, “बापा, लेकराने हात मोठा उघडला. आता तू तुझा मिटू नकोस.”

एवढीच प्रार्थना! मग ते सुवार्ताला म्हणाले, “घे मूठ. आता वाटीत बघायचं नाही. चित्राकडे बघायचं.”

सुवार्ताने डोळे पुसले. उपरण्याखाली हात घातला आणि मूठ काढली. मेंढपाळाच्या धोतराचा घोळ भरला. पुन्हा हात घातला, पुन्हा मूठ आली. गुडघे झाले, कंबर झाली. ती मोजायचे विसरली, रडायचे विसरली. तिला दिसत होता फक्त मेंढपाळ, जमिनीतून उठून उभा राहत असलेला!

सर बघत होते. पाच झाल्या, दहा झाल्या, वीस मुठी झाल्या. हा काय प्रकार? वाट्यांखाली पिशवी लपवली आहे की काय? ते तरातरा पुढे आले आणि त्यांनी उपरण्याचा कोपरा उचलला. काळा रंग ठेवलेल्या वाटीत एक मूठ रांगोळी होती. सरांनी ती उचलून सुवार्ताच्या ओंजळीत ओतली. वाटीचा पितळी तळ लख्ख दिसला. त्यांनी तो बोटाने चाचपला, वाटी खाली ठेवली आणि उपरणे टाकले.

पुन्हा उचलले.

वाटीत एक मूठ होती.

सरांनी चष्मा काढून पुन्हा पाहिले. दुष्काळात गरीब विधवेच्या मडक्यातले पीठ संदेष्ट्याच्या शब्दाने सरले नाही, ही कथा ह्याच माणसाने चाळीस वर्षे ओसरीत बसून शिकवली होती. कितव्या अध्यायात, कितव्या ओळीत, सगळे पाठ! आणि आज तेच मडके पितळी वाटी होऊन त्यांच्या हाताशी आले होते.

मग त्यांनी चपला काढल्या आणि इस्त्रीच्या धोतरासकट शेणाच्या सारवणावर बसले.

“कुठे भरू, बाई?” त्यांचा आवाज घोगरा झाला होता.

“घोंगडी भरा, सर,” सुवार्ता म्हणाली. “सगळी काळी. काठाला मी पांढरी रेघ देते.”

ज्या घोंगडीला गाव हसले, ती सरांनी आपल्या हाताने भरली! शबनम कोकरू भरायला बसली, ऊर्मिलाने आभाळ घेतले. अकरा वाजायच्या आत मेंढपाळाच्या डोळ्यांत सुवार्ताने शेवटचे दोन ठिपके ठेवले.

पाहुणे आले, गाव लोटले. गर्दीत बिरूमामा होते, आयुष्यभर मेंढरे राखलेले म्हातारे धनगर. ते काठी टेकवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “पोरीनं पाहिलंय हां नीट. पाय दुखावलेलं कोकरू असंच धरावं लागतं. कुणाचा गं हा गडी?”

सुवार्ताच्या जिभेवर क्षणभर जुनीच भीती आली. पण तिने ती गिळली.

“हा माझा येशू, मामा. हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्व्याण्णव रानात सोडून जातो.”

“मग आमच्यातलाच म्हणायचा!” बिरूमामा म्हणाले आणि त्यांनी मेंढपाळाला हात जोडले.

महाराजांनी उपरणे उचलून झटकले आणि खांद्यावर टाकले. पाचही वाट्या रिकाम्या होत्या. घासून ठेवाव्यात तशा स्वच्छ.

अमोलिक सर पुढे आले आणि महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी त्यांना मध्येच धरले. “माझ्यापुढे नको, मास्तर. मी नुसतं पांघरूण घातलं.”

तेव्हा सर रांगोळीतल्या मेंढपाळाच्या पावलांकडे वळले, दोन हात अंतरावर गुडघ्यांवर आले आणि त्यांनी कपाळ भुईला टेकवले. सगळ्या गावासमोर! उठले तेव्हा कपाळाला सारवण लागले होते. त्यांनी ते पुसले नाही.

“सुवार्ता,” ते म्हणाले, “तुझ्या वयाचा होतो तेव्हा वर्गात एकदा प्रार्थना म्हटली होती. पोरं हसली. तेव्हापासून मी येशूला आत कोंडलं आणि वर म्हणत राहिलो, की त्याला जपतोय. मला क्षमा कर, बाई.”

सुवार्ताने सरांचे हात धरले. दोघांचेही हात काळे झाले होते.

दुपारी घरी आईने तिला परातीत पाणी दिले. वडील उंबऱ्यावर बसून भाकरी खात होते. सुवार्ताने हात बुडवले, आणि तसेच ओले हात घेऊन ती दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

“आई, पप्पा, मला एक सांगायचंय. विचारायचं नाहीये हां, सांगायचंय.”

“आता आणखी काय शब्द देऊन बसलीस?” आई घाबरून म्हणाली.

“ह्या वेळी पूर्ण विचार करून देतेय. दहावी झाली की मी चित्रकलेच्या शाळेत नाव घालणार. तिथे कुणी विचारलं, हे हात कुणी दिले, तर मी त्याचं नाव मोठ्याने सांगणार!”