वगळलेला रस्ता

“सर्वांत कमी दर मागणाऱ्याला बसचा ठेका दिला, यात माझे चुकले कोठे, बाई?”

माधव निस्ताने मठाच्या ओसरीपुढे उभा होता. नगरपरिषदेच्या परिवहन समितीचा तो सभापती. बालपणीची काही वर्षे त्याने याच मठात विद्या घेतली होती. आज तो नव्या बसच्या पूजेचे आमंत्रण घेऊन आला होता. करारावर सायंकाळच्या सभेत त्याची सही व्हायची होती.

काळ्या वस्त्रांतील वृद्ध तपस्विनी गोमाईबाई सुपातील तूर निवडीत होत्या. त्यांच्या शेजारी इठाबाई बसली होती. धरणात गाव बुडाल्यावर ओढ्यापलीकडे जी वस्ती वसवली गेली, तेथे ती राहत असे.

“चुकले असे मी म्हटले नाही,” बाई म्हणाल्या. “इठाबाईची नात आता शाळेत कशी जाईल, इतकेच विचारले.”

“वस्तीचा रस्ता... या करारात नाही.”

“काहून नाही गा?” इठाबाईने मान वर केली. “मतं मांगाले आल्ता तवा त लय चांगला होता रस्ता. जीप थेट दारापर्यंत आन्ली होती तुनं!”

बाईंनी बोट किंचित वर केले. इठाबाई गप्प झाली. हसू मात्र तिने लपवले नाही.

“चौकातून बाजारापर्यंत गाडी भरून जाते?” बाईंनी विचारले.

“खचाखच.”

“तिकिटांचे पैसे कोणाचे?”

“ठेकेदाराचे.”

“मग परिषदेने त्याला वर अनुदान द्यायचे, ते कशासाठी?”

“नियमच तसा आहे, बाई. गाडी जितकी धावेल तितके अनुदान. प्रवासी असोत वा नसोत.”

“अनुदानाचा नियम मूळ कोणासाठी केला होता?”

“जेथे प्रवासी थोडे, तेथेही गाडी जावी म्हणून...”

माधव वाक्याच्या मध्येच थांबला. मग घाईने म्हणाला, “पण वस्तीचा रस्ता अटींत घातला असता, तर एकही निविदा आली नसती.”

“मागवून पाहिलीस?”

“...नाही.”

“मग तुला कसे कळले?”

“ठेकेदारांनीच सांगितले होते.”

“केव्हा? अटी लिहिण्यापूर्वी, की नंतर?”

अंगणातल्या कडुनिंबावर एक खार सरसर चढून गेली. माधव तिच्याकडेच पाहत राहिला.

बाईंनी सूप खाली ठेवले आणि खुंटीवरची झोळी काढून त्याच्यापुढे धरली.

“आज भिक्षेला तू जा.”

“मी? सभापती म्हणून मला सारे गाव ओळखते, बाई!”

“उत्तम. दार लवकर उघडतील.”

इठाबाईने पदर तोंडाला लावला. माधवच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण झोळी त्याने घेतली. गुरूच्या हातची वस्तू नाकारण्याची सवय त्याला अद्याप लागली नव्हती.

तो अपेक्षेपेक्षा फार लवकर परतला. झोळी फुगली होती. तांदूळ, कणीक, डाळ, शिवाय गुळाची एक लहानशी ढेपही होती.

“पाहा बाई!” त्याचा चेहरा उजळला होता. “दोन दिवसांची निश्चिंती झाली.”

“कोठे कोठे गेलास?”

“शेटजींकडे, डॉक्टरांकडे आणि नगराध्यक्षांच्या बंगल्यावर. तेवढ्यातच भरली.”

“मधली दारे?”

“मधल्या दारी मागायचा संकोच वाटला. त्यांच्याच घरी तुटवडा.”

“आणि मागली आळी?”

“तेथवर जाऊन पदरात काय पडणार होते? उगीच वेळ गेला असता.”

बाईंनी झोळीला हातही लावला नाही. त्या स्वयंपाकघराकडे वळून म्हणाल्या, “आज मठात चूल पेटवू नका.”

“बाई! झोळी काठोकाठ भरली आहे!”

“मी तुला भिक्षा आणायला सांगितली होती. भिक्षेत दार वगळत नाहीत.”

“मग हे काय आहे?”

“तेच मीही पाहते आहे.”

इठाबाई आता हसत नव्हती. ती दुपारचे जेवण मठातच घेत असे.

“आपण सारे उपाशी राहणार? माझ्यामुळे?” माधवचा स्वर चढला. “मी उपाशी राहीन एक वेळ. पण आपले वय... आणि या म्हातारीने काय केले आहे?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “तिच्या नातीनेही काही केले नव्हते.”

माधव पायरीवर बसला. झोळी तशीच खांद्यावर होती.

त्याचा फोन वाजला. पलीकडे नगराध्यक्ष होते. माधव उठून उभा राहिला, जसा तो त्यांच्या दालनात उभा राहत असे.

“हो साहेब... नाही, सभेला येणार आहे. पण सही करणार नाही.”

पलीकडचा आवाज ओसरीपर्यंत ऐकू आला. शब्द मात्र कळले नाहीत.

“वस्तीचा रस्ता अटींत घालून निविदा पुन्हा मागवा... नाही साहेब, कोणी कान भरले नाहीत. अटी ठेकेदाराला विचारून लिहिल्या, हे मला आधीच ठाऊक होते... राजीनामा? तो मी देणार नाही. मला काढायचे असेल, तर भर सभेत काढा. कशासाठी काढता, तेही तेथेच सांगा. तुम्ही नाही सांगितले, तर मी सांगेन.”

त्याने फोन बंद केला.

“खुर्ची गेली म्हना की, बाप्पा,” इठाबाई हळूच म्हणाली. या वेळी तो टोमणा नव्हता.

“गेलीच.”

माधवने झोळी उतरवून पायरीवर ठेवली आणि बाईंकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत राग होता, आणि तो आता कोणावर काढावा हे त्याला उमगत नव्हते.

“उद्या नवा सभापती येईल, बाई. करार तोच, ठेकेदारही तोच. तो सही करील. वस्तीला गाडी जाणारच नाही. मग माझ्या नकाराने काय साधले?”

बाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतले. एक खडा उचलून बाजूला टाकला.

“त्यालाही माझ्याकडे पाठव.”