मैनाताईंचा घसा

रानातल्या प्राण्यांनी स्वतःचं विद्यापीठ काढलं, त्या काळची ही गोष्ट. कुलगुरू हत्तीणबाईंनी आवारात विडी ओढायला बंदी केली, तेव्हा व्याकरण शिकवणारे अस्वलगुरुजी फार चिडले. धुसफुसत ते ओढ्यापलीकडे जाऊन विडी ओढू लागले.

महिन्याभराने त्यांच्या वर्गावरच्या फांदीवरून गाणं ऐकू आलं. तिथे राहणाऱ्या मैनाताई गात होत्या.

“ताई, तुम्ही गाता हे मला ठाऊकच नव्हतं,” गुरुजी म्हणाले.

“धुराने घसा बसायचा, गुरुजी. आता मोकळा झाला.”

“मग मला कधी बोलला का नाहीत?”

“तुम्ही वयाने मोठे. धीरच झाला नाही.”

गुरुजींचा चेहरा उतरला. ते तडक हत्तीणबाईंकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, “बाई, आभार मानायला आलोय. मैनाताईंना जे मला सांगता आलं नाही, ते तुमच्या नियमाने सांगितलं.”