सान आमारोची सोबत

मेक्सिकोच्या डोंगराळ भागात सान आमारो नावाचं एक जुनं शहर आहे. एके काळी तिथे चांदीच्या खाणी होत्या. उतारावर घरं एकावर एक चढत गेलेली, आणि त्यांच्यामधून बोळ, पायऱ्या, पुन्हा बोळ. नवा माणूस तिथे हमखास चुकतो. पण कुणाला वाट विचारली, तर तिथलं माणूस हात करून दाखवत नाही. हातातलं काम बाजूला ठेवतं आणि तुमच्याबरोबर चालू लागतं.

पहिल्या दिवशी आम्हाला हे ठाऊक नव्हतं. माझी लेक ऋजुता तिकडे एका कारखान्यात नोकरीला आहे, दोन वर्षांत तिला स्पॅनिश चांगलं यायला लागलंय. तिने एका न्हाव्याला विचारलं, मोठं चर्च कुठे आहे. न्हाव्याने गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडलं आणि तो आमच्या पुढे निघाला. मला धास्तीच वाटली.

"ऋजू, हा नेतोय कुठे आपल्याला?"

"चला तर बाबा. माणूस बरा दिसतोय."

चर्चच्या दारात पोचल्यावर त्याने छातीवर हात ठेवून मान लववली आणि आला तसा धावत परत गेला.

दुसऱ्या दिवशी आम्हाला शहर दाखवायला तिथलेच एक गृहस्थ, एवारिस्तो, आले. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्य खाणीत गेलेलं, गुडघे कुरकुरणारे. मी न्हाव्याची गोष्ट काढली तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी आम्हाला पाच बोळ एकत्र येतात अशा एका चौकात नेलं. कोपऱ्यावर पावाच्या एका जुन्या भट्टीचं काळवंडलेलं तोंड होतं, आत नुसता अंधार. कट्ट्यावर बसून ते संथपणे सांगू लागले आणि ऋजुता ते मराठीत सांगत गेली, प्रत्येक वाक्याला 'म्हणे' जोडत.

दीडेकशे वर्षांपूर्वी ही भट्टी रेमेदिओस नावाच्या बाईची होती म्हणे. नवरा खाणीत दगावलेला, पदरी मूल नाही. अंगाने दणकट, कामाला वाघ. तिच्या पावासाठी खालच्या पेठेतून माणसं चढून येत. तोंडाने जरा फटकळ, पण वाईट नव्हती असंच सगळे सांगतात.

त्या वर्षी उत्तरेकडे कुठेतरी लढाई चालू होती. सरकारी माणसं डोंगरातल्या वस्त्यांवर जाऊन तरणी पोरं पकडून आणत आणि सैन्यात घालत. ज्याच्या नावावरून शहराचं नाव पडलं त्या संत आमारोच्या उत्सवाच्या दिवशी अशी साठ-सत्तर पोरं शहरात आणून ठेवली होती. दुपारी बाराला त्यांना खालच्या पुलावरून पुढे नेणार होते.

उत्सवामुळे गावोगावची माणसं लोटली होती. टेकडीवरच्या त्याच्या देवळाकडे जायची वाट जो तो भट्टीवर येऊन विचारी, कारण चौकातलं उघडं दार तेवढंच. रेमेदिओस पहाटेपासून कणीक मळत होती. शंभर जणांना तिने सांगितलं असेल, वर जा, वर जा. मग तोंडही दुखायला लागलं. ती नुसतं कोपराने दाखवू लागली.

अकराच्या सुमाराला एक बाई दारात आली. डोंगरातली, अनवाणी, काखेत लोकरीची घोंगडी. दोन दिवस चालून आली होती. तिची भाषा वेगळी. स्पॅनिशमधला एकच शब्द ती वाटेत पाठ करत आली होती, 'पुएन्ते'. म्हणजे पूल. तिचा मुलगा लीनो त्या पोरांत होता. उत्तरेकडे थंडी असते एवढं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

ती तो शब्द तीनदा बोलली. रेमेदिओसने ऐकलाच नाही. मान वर न करता तिने पिठाने माखलेलं कोपर टेकडीच्या बोळाकडे केलं.

इथे मी एवारिस्तोंना थांबवलं. काही कारण नव्हतं, पण राहवलं नाही. ऋजुताला म्हटलं, "सांग त्यांना, मी अठ्ठावीस वर्षं बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसलो होतो. मान वर न करता सांगणं म्हणजे काय, ते मला कळतं." तिने सांगितलं. एवारिस्तोंनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुढे बोलू लागले.

ती बाई त्या बोळाने चढत गेली. दाखवणाऱ्यावर तिचा विश्वास होता. तासभर चढून ती टेकडीच्या माथ्यावर पोचली. तिथून सगळं शहर दिसतं. खाली, अगदी तळाशी, तिला पूल दिसला. पुलावरून मुंग्यांसारखी रांग चालली होती. त्यातला लीनो कोणता हे तिला चालीवरून कळलं, असं सांगतात. तिने हाका मारल्या. पण बारा वाजले होते आणि देवळातल्या सगळ्या घंटा वाजत होत्या. जवळ उभ्या असलेल्यांनासुद्धा तिचं ओरडणं ऐकू आलं नाही, तोंड उघडं दिसलं फक्त.

रांग वळणाआड गेली. ती खाली उतरली आणि पुन्हा भट्टीच्या दारात येऊन उभी राहिली. भांडायला नाही. तिला वाटलं, शब्द उच्चारताना आपलंच काही चुकलं. ती सावकाश, नीट म्हणाली, "पुएन्ते."

या वेळी रेमेदिओसने वर पाहिलं. ती घोंगडी पाहिली, फुटलेल्या टाचा पाहिल्या, आणि कोपराने आपण हिला कुठे पाठवलं ते तिच्या ध्यानात आलं. तिने बाईचा हात धरला आणि दोघी खाली धावत सुटल्या. भट्टीतला पाव जळून कोळसा झाला. पुलावर कुणी नव्हतं. त्या तशाच पुढे चालत राहिल्या, तो दिवस आणि दुसरा दिवस. मग रस्त्याला तीन फाटे फुटले, आणि पोरांना कुठल्या रस्त्याने नेलं ते सांगणारं तिथे कुणीच नव्हतं.

रेमेदिओस रस्त्यातच गुडघ्यांवर बसली आणि क्षमा मागू लागली. त्या बाईला शब्द कळले नाहीत. तिने आपल्या ओढणीच्या टोकाने रेमेदिओसच्या हातांवरचं वाळलेलं पीठ पुसलं, घोंगडी पुन्हा काखेत घेतली आणि डोंगराकडे चालू लागली. रेमेदिओस सोबत यायला निघाली तेव्हा तिने हात वर करून तिला थांबवलं. घरची वाट तिला ठाऊक होती.

"तिचं नाव काय होतं?" ऋजुताने विचारलं.

"कुणी विचारलंच नाही," एवारिस्तो म्हणाले. "तिच्या मुलाचं नाव आम्हाला माहीत आहे, कारण रेमेदिओसबरोबर चालताना ती वाटभर त्याला हाका मारत होती."

रेमेदिओस परत आली आणि तिने शपथ घेतली की वाट विचारणाऱ्याला आपण पोचवून येऊ. पुढची छत्तीस वर्षं तिने ती पाळली. मळलेली कणीक आंबून गेली, भट्टी विझली, गिऱ्हाइकं रागावली. लोक आधी हसले, मग गप्प झाले. म्हातारपणी तिचे पाय गेले. तरी कुणी वाट विचारली की ती खुर्चीतून उठायला बघे, आणि ते बघवेना म्हणून शेजारी उठू लागले. तिच्यानंतरही ते उठतच राहिले.

काही लोक सांगतात, लीनो वीस वर्षांनी परत आला आणि रेमेदिओसनेच त्याला आईच्या घरापर्यंत पोचवलं. एवारिस्तोंनी नकारार्थी मान हलवली. "हे मागून जोडलेलं. लोकांना सहन होत नाही म्हणून. माझे वडील तेवढं कधी सांगत नसत. लीनो आला नाही."

आजही सान आमारोत वाट विचारली की माणूस तुमच्याबरोबर निघतो. वाट नसेल माहीत, तर माहीत असलेल्या दुसऱ्या माणसापर्यंत येतो आणि मगच मागे फिरतो.

आम्ही उठलो. एवारिस्तो मात्र बसून राहिले. ऋजुताकडे न बघताच बोलू लागले.

"चाळीस वर्षांपूर्वी माझ्या दारात एक नवरा-बायको आले होते. परगावचे. दवाखाना कुठे, विचारत होते. बाईने पोट धरलं होतं. रेडिओवर मुष्टियुद्ध चालू होतं, शेवटची फेरी. मी खुर्चीतूनच हात केला. उजवीकडे दुसरा बोळ."

"चुकीचा होता?" मी विचारलं.

"नाही. बरोबर होता," ते म्हणाले. "पोचले असतील. पण मला ते माहीत नाही."