झुपकी आत्या बारशाला निघाली

एक होती खार. एवढीशी! तिचं नाव झुपकी. शेपटीचा झुपकाच तिच्याहून मोठा.

झुपकीला भाऊ एक. तो राहतो डोंगरावर, पार टोकाला. त्याला झालं बाळ. आज बाळाचं बारसं!

बाळाचं नाव कोण ठेवतं? आत्या! बाळाची आत्या कोण? झुपकी! आत्या गेली नाही तर? बाळ बिननावाचं राहील. अरे देवा!

झुपकीने पिशवी भरली. पाण्याचा इवला भोपळा भरला. शिदोरी भरली. दोर भरला. वरती बाळाचं टोपडं ठेवलं. ठेवताना त्याची पापी घेतली.

बारशाला निघालेल्या सगळ्यांना डोंगराची वाट दाखवायला होता मुंगूसदादा. फार कडक हो!

"पाणी?" "आहे."

"शिदोरी?" "आहे."

"दोर?" "आहे."

"उचल पिशवी!"

झुपकीने उचलली. तट्ट! पिशवीचा बंद तुटला.

मुंगूसदादा म्हणाला, "चढायला दोन्ही हात मोकळे हवेत. हातात पिशवी, तर डोंगर नाही. एकटीने मागून यायचं नाही, वर ससाणा फिरतो. आणि त्या काळ्या दगडावर ऊन आलं, की आम्ही निघालो!"

झुपकीचे डोळे भरले. पण रडत बसली असती तर ती आत्या कसली? निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

आली शिंपीण पक्ष्याकडे. ती पानं शिवत होती.

"शिंपीणताई, बंद शिव. पिशवी पाठीला, आत्या बारशाला!"

"शिवीन गं. पण दोरा कुठाय? सावरीचा कापूस आण."

तुरुतुरु, तुरुतुरु. आली सावरीच्या झाडाकडे.

"सावरमावशी, कापूस दे. कापूस शिंपिणीला, शिंपीण शिवेल बंद, पिशवी पाठीला, आत्या बारशाला!"

"देईन गं. पण उन्हाने घसा सुकलाय. बोंड उघडायचं बळ नाही. झऱ्याचं पाणी आण."

तुरुतुरु, तुरुतुरु. आली झऱ्याकडे.

"झरेदादा, पाणी दे. पाणी सावरीला, सावर देईल कापूस, कापूस शिंपिणीला, शिंपीण शिवेल बंद, पिशवी पाठीला, आत्या बारशाला!"

झरा बोलला, "बुडुक बुडुक." तोंडात पाला भरलेला, बोलणार कसा बिचारा? "देईन गं. बुडुक! पण पाला अडकलाय. खेकड्याला सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु. आली खेकड्याच्या बिळाशी.

"खेकडेमामा, पाला काढ. झरा देईल पाणी, पाणी सावरीला, सावर देईल कापूस, कापूस शिंपिणीला, शिंपीण शिवेल बंद, पिशवी पाठीला, आत्या बारशाला!"

"काढीन गं. पण उपाशीपोटी नांगी चालत नाही माझी. हौसाकाकूची भाकर आण."

झुपकीने मागे पाहिलं. ऊन सरकत होतं. दगडाच्या अगदी जवळ आलं होतं! तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

आली हौसाकाकूच्या दारात. काकू चुलीपुढे बसून फुंकत होती. फू! फू!

"हौसाकाकू, भाकर दे. भाकर खेकड्याला, खेकडा काढेल पाला, झरा देईल पाणी, पाणी सावरीला, सावर देईल कापूस, कापूस शिंपिणीला, शिंपीण शिवेल बंद, पिशवी पाठीला, आत्या बारशाला!"

"अगं माझे बाय! बारसं आणि आत्या खालीच? देते की! पण चूल बघ, नुसती धुमसतेय. वाळक्या काटक्या आण."

तुरुतुरु, तुरुतुरु. आली हिरड्याच्या झाडाखाली. लागली की धाप! दम घेतला. (तुम्हीपण घ्या. मोठ्ठा!)

"हिरडेआजोबा, काटक्या दे. काटक्या काकूला, काकू देईल भाकर, भाकर खेकड्याला, खेकडा काढेल पाला, झरा देईल पाणी, पाणी सावरीला, सावर देईल कापूस, कापूस शिंपिणीला, शिंपीण शिवेल बंद, पिशवी पाठीला, आत्या बारशाला!"

आणि झुपकी थांबली. आता आजोबा काय मागणार?

आजोबा हसले. पानं हलली सळसळ.

"मला काय हवंय पोरी? खाली पडल्यात त्या तुझ्याच. घे, हव्या तेवढ्या घे."

"काही नको?"

"काही नको. पळ!"

झुपकीला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं! तिने आजोबांच्या बुंध्याला मिठी मारली. "उपकार झाले, आजोबा!"

मग काय? काटक्या काकूला. चूल पेटली भडभड. भाकर फुगली टम्म! "उपकार झाले, काकू!"

भाकर खेकड्याला. कुटुम कुटुम. नांगी चालली कटाकट. पाला निघाला. "उपकार झाले, मामा!"

झरा सुटला खळखळ. "उपकार झाले, दादा!"

पाणी सावरीला. गटगट गटगट. बोंड उघडलं फट्! कापूसच कापूस. "उपकार झाले, मावशी!"

कापूस शिंपिणीला. चोचीने वळला दोरा. टुचुक टुचुक, टुचुक टुचुक. बंद जुळला, पहिल्याहून घट्ट! "उपकार झाले, ताई!"

पिशवी पाठीला! पळ झुपकी, पळ!

दगडावर ऊन आलं होतं. चांगलं पसरलं होतं. आणि मुंगूसदादा? तो तिथेच उभा! एक पाय वर, एक पाय खाली.

"माझ्या पायात काटा गेलाय," मुंगूसदादा म्हणाला. काटाबिटा काही नव्हता हं. "आत्याशिवाय जाऊन करायचं काय? चल, आटप!"

"उपकार झाले, मुंगूसदादा!"

चढले सगळे. सरसर सरसर. दोर धरला, पाणी प्यायले, शिदोरी खाल्ली. आलं टोक!

पाळणा सजला होता. आत बाळ. गुलाबी नाक, मिटलेली मूठ. झुपकीने टोपडं घातलं. कानाशी तोंड नेलं.

"कुर्रर्र..."

वहिनी म्हणाली, "वन्सं, काय नाव ठेवलंत?"

झुपकीने खाली पाहिलं. खाली सगळं इवलंसं दिसत होतं. चुलीचा धूर, झऱ्याची रेघ, पांढरी सावर. तिचा ऊर भरून आला. ती म्हणाली,

"हिरडा-काकू-खेकडा-झरा-सावर-शिंपीण-मुंगूस!"

"अगंबाई! एवढं लांब?"

"एवढ्यांनी मला इथवर आणलं, वहिनी. यातल्या कुणाला वगळू?"

वहिनी विचारात पडली. मग हसली. पाळण्याची दोरी धरली आणि बाळाला हाक मारू लागली, हळू हळू,

"हिरडा... काकू... खेकडा... झरा... सावर... शिंपीण..."

मुंगूस म्हणायच्या आत बाळ झोपलंसुद्धा!

खार राहिली टोकावर, गोष्ट आली घरी. ऐकलीत ना शहाण्यासारखी? उपकार झाले, बाळांनो.