माझी पाळी कधी संपते?

“माझी पाळी कधी संपते?” तिळकाने कळपात कितीजणांना तरी विचारले. जो तो पाण्याकडे निघून गेला.

शालवती नगरीत महासेन राज्य करीत होता, तेव्हाची ही गोष्ट. जवळच्या अरण्यात बोधिसत्त्व हरणाच्या कुळात जन्मला होता आणि तिळक हा त्याचा धाकटा भाऊ. पाणवठ्यावर आईला बिबळ्याने नेल्यापासून बोधिसत्त्वाचा जीव या पाडसासाठी सतत टांगणीला लागलेला असे.

कळपाची रीत अशी, की सगळे पाणी पीत असताना एकाने टेकाडावर पहारा करायचा. पिऊन झाले की दुसऱ्याने येऊन त्याच्या खांद्याला नाक लावायचे. मग पाळी बदलली.

तिळकाच्या खांद्याला मात्र कोणीच नाक लावीत नसे. “तुझे कान काय तिखट रे!” शृंगक नावाचे दांडगे पाडस म्हणे आणि सवंगड्यांना घेऊन निघून जाई.

“तू प्यालास का?” बोधिसत्त्वाने एकदा विचारले.

“त्यांनी मला आपल्यात घेतलंय, दादा. पाण्याचं काय एवढं!”

त्याची जीभ कोरडी पडली होती. बोधिसत्त्व शिंगे रोखून शृंगकावर धावला, पण अर्ध्यात थांबला. मारूनमुटकून आणलेला सोबती किती दिवस टिकणार?

“उद्या एवढंच म्हण, मला तहान लागलीय,” तो परत येऊन म्हणाला. “जो येईल तो तुझा सोबती.”

“आणि कोणीच नाही आलं तर?”

बोधिसत्त्वाने त्याचे कपाळ चाटले. “तरी तुझी तहान खरीच आहे.”

दुसऱ्या दिवशी तिळक टेकाडावरून तेवढेच बोलला.

“खुरट्याला तहान लागली!” शृंगक हसला.

इतक्यात सावरी नावाची बुजरी लहान हरिणी टेकाड चढली. “मी थांबते. माझे कान तुझ्याएवढे तिखट नाहीत हं.” तिने नाक लावले.

तिळक पोटभर प्याला. त्या दिवसापासून दोघे पाळी वाटून घेऊ लागले.

एका संध्याकाळी बोधिसत्त्वाने दोघांच्याही खांद्यांना नाक लावले. “आज दोघं मिळून प्या.”

थोड्याच वेळात गवत हलले आणि त्यात बिबळ्या दिसला. त्याने इशाऱ्याची हाक दिली. कळप पाण्यातून पलीकडे धावला. पहारेकऱ्याने शेवटी निघायचे असते, म्हणून तो टेकाडावरच थांबला.

त्या जन्मीचा तिळक म्हणजे आज विहारात इतरांची भिक्षापात्रे घासत बसणारा श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू. ती पात्रे त्याच्यापुढे टाकून जाणारा तेव्हा शृंगक होता, आणि त्याच्या शेजारी बसून घासू लागणारा म्हणजे तेव्हाची सावरी. बिबळ्यासमोर उभा राहिलेला भाऊ म्हणजे स्वतः शास्ता, भगवान बुद्ध. याला मैत्रीची पारमी, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, म्हणतात. तिळक पलीकडच्या काठावर चढेपर्यंत बोधिसत्त्वाने हाक थांबवली नाही.