न प्यालेलं दूध

"बाबा, वहिनी माझ्या जेवणात काय कालवते, तेवढं सांगा!"

डॉक्टर श्रीनिवास हुद्दार टेकडीवरच्या मठात येऊन अजून नीट बसलेही नव्हते. केवळनाथ शेळीचं दूध गाळत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"कशावरून?"

"पुरावा आहे." डॉक्टरांनी पिशवीतून रक्तदाब मोजायचं यंत्र काढून पुढे ठेवलं. "दवाखान्यात दाब ठीक असतो. घरी तिने ताट वाढलं की चढतो. रोज मोजतो, जेवायच्या आधी आणि जेवल्यावर. गोळ्या चालू आहेत, तरीही."

माणूस भलताच हुशार. संशयसुद्धा यंत्र लावून घ्यायचा. आई गेल्यावर ज्या वहिनीने या दिराला हाताने भरवून वाढवलं, तिच्या ताटाची ही परीक्षा! ऐकणाऱ्याचाच दाब चढावा.

"मग आता?"

"घर माझ्या नावावर आहे. उद्या तिला बाहेर काढणार."

"आणि भाऊ?"

"दादा तिच्याच बाजूने बोलतो. त्यालाही."

...

केवळनाथांनी दुधाचं भांडं खाली ठेवलं.

"मी अडाणी माणूस. दाब चढतो म्हणजे आत होतं तरी काय?"

डॉक्टरांना हेच हवं होतं. ते सरसावून बसले.

"समजा, समोर वाघ आला. मेंदू मज्जातंतूंना हाक देतो. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन ग्रंथी असतात, त्या अॅड्रिनलिन रक्तात सोडतात. हृदय धावायला लागतं, रक्तवाहिन्या आवळतात. मूत्रपिंडंही हाक ऐकतात आणि मीठपाणी धरून ठेवतात. दाब चढणारच."

"आणि वाघ गेला की?"

"उतरतो."

"वाघ आलाच नसेल तर?"

"आला असं नुसतं वाटलं, तरी मेंदूला पुरतं."

"अस्सं."

"पण माझा वाघ खरा आहे, बाबा. माझ्या स्वयंपाकघरात आहे!"

...

मठाचा एक रिवाज होता. आलेल्याने आणि बाबांनी बरोबर दूध प्यायचं, उत्तर त्यानंतर. केवळनाथांनी दोन सारखे पितळी पेले भरले. एक डॉक्टरांपुढे ठेवला, एक स्वतःच्या जागेपुढे.

"गूळ आणतो," म्हणाले आणि आत गेले.

डॉक्टरांनी आपल्या पेल्यात डोकावून पाहिलं. वास घेतला. दाराकडे एक नजर टाकली आणि पटकन दोन्ही पेले बदलले. म्हातारा वहिनीचा कुणी लागत नसेल कशावरून?

बाबा आले. गुळाचा खडा तोंडात टाकला आणि समोरचा पेला एका दमात रिकामा केला.

डॉक्टरांना हायसं वाटलं. त्यांनी आपला पेला उचलला.

"पेले बदललेस ना?" बाबा म्हणाले.

डॉक्टरांचा हात तिथेच थांबला.

"तू बदलणार, हे मला तू पायऱ्या चढत होतास तेव्हाच कळलं होतं."

...

पेला खाली आला. थोडंसं दूध जमिनीवर सांडलं. डॉक्टरांचे कान तापले, कपाळावर घाम आला. छातीतली धडधड त्यांची त्यांनाच ऐकू यायला लागली.

"काय... काय घातलंत यात?"

बाबांनी यंत्राचा पट्टा उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

डॉक्टरांनी तो दंडाला गुंडाळला. यंत्र घुरघुरलं, थांबलं. समोर जो आकडा आला, तो वहिनीच्या ताटानंतरही कधी आला नव्हता.

"चढला! बघा, बघा, कसा चढलाय! अहो, काय पाजलंत मला?"

केवळनाथांनी मिशीला लागलेलं दूध उपरण्याने पुसलं. मग डॉक्टरांचा पेला उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"तू तर अजून ओठही लावला नाहीस. उद्या घराबाहेर कुणाला काढायचं म्हणालास?"